दुसऱ्या वाचनातलं आश्चर्य

आमच्या साहित्य मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असं कार्यवाह निपाणकरांनी मला सांगितलं आहे. "यंदा नामांकन मिळालेल्या पाच विज्ञान-लघुकादंबऱ्या वाचताना वाचक म्हणून काय वाटलं ते मोकळेपणानं लिहा, उज्वलाताई. फक्त गोड असू द्या म्हणजे झालं." आता मोकळेपणानं आणि गोड, ही दोन्ही एकाच पेल्यात कशी ओतायची ते त्यांनाच ठाऊक. मी आपली मोकळेपणानं लिहिते. पटलं तर छापा, नाहीतर चुलीत घाला.

मी उज्वला मगदूम. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' म्हणणारा जो बायकी आवाज तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलात, तो माझा. दोन गाड्यांच्या मधे मी पुस्तकं वाचली. एकदा मंगळावरच्या वादळात इतकी अडकले की जतची माणसं इस्लामपूरच्या फलाटावर पाठवली. साहेब ओरडले, मी ऐकून घेतलं आणि राहिलेलं पान पुरं केलं. असा आपला स्वभाव.

माझ्या घरात माझ्याहून मोठी पुस्तकवेडी म्हणजे माझी नणंद, त्रिशलाआक्का. आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. हळद बाजारातल्या प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासायच्या. रंगावरून, वासावरून भेसळ ओळखणारी बाई, माणसंही तशीच ओळखायची. हे गेल्यापासून विश्रामबागेतल्या फ्लॅटमधे आम्ही दोघी. लोक म्हणतात नणंद-भावजयीचं पटत नाही. आमचंही पटत नाहीच, पण पुस्तकांवरून. घरातला एकच कडक नियम: जी आधी संपवेल तिनं दुसरीला शेवट सांगायचा नाही. सांगितला तर आठवडाभर भांडी तिच्याकडे. मला बरेचदा घासावी लागली. तोंडानं नाही सांगितलं तरी माझ्या चेहऱ्यावर दिसतं म्हणे.

मंडळानं साध्या वाचकांना परीक्षक करायचं ठरवलं तेव्हा आम्ही दोघींनीही नाव दिलं. घरी पडद्यावर पुस्तक दाखवणाऱ्या दोन वाचनपाट्या आल्या आणि कपाळाला बांधायच्या दोन पट्ट्या. पट्टी बांधून आक्का आरशासमोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "काय गं, डोकं दुखणाऱ्या राणीसारखी दिसते की मी!" आम्ही किती हसलो त्या दिवशी.

ह्या पट्टीचं शास्त्र मला समजलं तसं सांगते. आपण वाचतो तेव्हा मेंदू स्वस्थ बसत नाही. पुढचा शब्द काय येणार ह्याचा अंदाज तो सारखा बांधत असतो. 'चहाचा घोट घेऊन त्यानं कप' एवढं वाचलं की 'खाली ठेवला' हे मेंदूनं आधीच वाचून टाकलेलं असतं. तिथं 'खाऊन टाकला' आलं की तो दचकतो. हे दचकणं म्हणजे विजेची एक बारीक लाट. अर्ध्या सेकंदाच्या आत उठते आणि विरते, आपल्याला पत्ताही लागत नाही. पट्टी ती लाट टिपते आणि त्या क्षणी डोळा कुठल्या शब्दावर होता ते पाटी टिपते. कुठल्या वाक्यावर कोण किती दचकलं, हे असं कळतं. एका शब्दाचं नाही, तर पुस्तकभर साठलेल्या लाटांचं गणित मांडून.

तेच पान परत वाचलं की लाट बसते, कारण मेंदूला आता माहीत असतं. आणि इथंच मंडळाची जुनी पद्धत आडवी आली. आमच्याकडे पहिल्यापासून प्रत्येक पुस्तक दोनदा वाचतात. पहिल्यांदा गोष्टीसाठी, मधे पंधरवडा जाऊ देऊन दुसऱ्यांदा कारागिरीसाठी. यंत्राच्या कंपनीला ही पद्धत फार आवडली. ते म्हणाले, पहिल्या वाचनात काय, कुणीही दचकवेल. थोर पुस्तक तेच, जे दुसऱ्या वाचनातही दचकवतं. दुसऱ्या वाचनात जेवढं आश्चर्य उरेल त्याला ते 'शिल्लक' म्हणायला लागले. ज्या पुस्तकाची शिल्लक जास्त, त्याला पुरस्कार. आणि ज्या वाचकाची शिल्लक सगळ्याच पुस्तकांत जास्त, तो खरा संवेदनशील वाचक, त्याच्या मताला वजन जास्त.

ऐकायला किती छान! मलाही पटलं होतं. पुस्तकवेड्या माणसांनाच पटावं असं होतं ते. मुरलेला वाचक म्हणजे शंभरदा वाचूनही डोळ्यांत पाणी येणारा, हे आम्ही जन्मभर एकमेकांना सांगत आलो होतो.

पहिल्या वर्षी आक्कांची शिल्लक सगळ्यांच्या वर निघाली, माझी तळाशी राहिलेल्या चहाइतकी. दुसऱ्या वर्षी तर मंडळानं आक्कांना व्यासपीठावर बोलावलं, शाल घातली, 'ताज्या मनाचा वाचक' अशी पदवी दिली. त्यांच्या दोन्ही वाचनांच्या रेषा मोठ्या पडद्यावर दाखवल्या. एकावर एक ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येईनात. टाळ्यांवर टाळ्या. आणि मी? मी खाली बसून जळफळत होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, "शाल सांभाळा आक्का, फार ताजी आहे." त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला एखादं कुलूप मिळालं तर बघते बाजारात." त्या दोन्ही वर्षी ज्या लघुकादंबऱ्यांना पुरस्कार मिळाले, त्या मला अगदीच सुमार वाटल्या होत्या. नावं घेत नाही, लेखकांना लेकरंबाळं आहेत. तेव्हा वाटलं, माझंच मन वाळलं असेल.

आता यंदाची पाच पुस्तकं.

'निम्म्या झोपेचं शहर'मधे गरीब माणसं श्रीमंतांसाठी झोपतात. एकाची झोप दुसऱ्याच्या मेंदूत घालता येते, म्हणून झोपेची भाड्याची घरं निघालेली. कल्पना झकास, पण पात्रं सगळी माहितीपत्रकासारखी बोलतात. नवरा बायकोला म्हणतो, 'तुला माहीतच आहे की निद्रेचे चार टप्पे असतात.' माहीत आहे तर सांगतोस कशाला रे बाबा? 'सावलीचा कर'मधे आकाशात एवढं मोठं सौरपटल टांगलंय की खालच्या गावांत दुपारी दिवे लावावे लागतात. लेखकाचं गणित पक्कं आहे. माणसं मात्र शेवटच्या दोन पानांत एकदम... नाही, शेवट सांगायचा नाही. एवढंच म्हणते, की घाई झाली.

'पाण्याखालचा सातबारा' मला मनापासून आवडलं. समुद्र आत आलाय, गाव बुडालंय, पण जमिनीचे हक्क कागदावर जिवंत आहेत. मग तलाठी पाणबुड्याचा पोशाख घालून बांध मोजायला खाली उतरतो, आणि वर होडीत दोघे भाऊ बांधावरून भांडताहेत. मी आधी खो खो हसले. मग तलाठ्याला खाली कुणाच्या तरी अंगणातलं तुळशीवृंदावन सापडतं, आणि तो बराच वेळ वर येत नाही. तिथं मला हसल्याची लाज वाटली. असं लिहिता आलं पाहिजे.

'कुंचल्याच्या बायका'बद्दल जरा जास्त लिहावं लागणार आहे, आणि मधला एक धक्काही सांगावा लागणार आहे. लेखिकेनं मोठ्या मनानं माफ करावं. मधमाश्या संपल्यात. पहाटे भोपळ्याच्या, काकडीच्या फुलांवर बायका कुंचल्यानं पराग लावत फिरतात. त्यांतल्या एका पोरीचा मुकादमीण फार छळ करते. अर्ध्या पुस्तकात कळतं, की ही मुकादमीण म्हणजे पोरीला टाकून गेलेली आईच.

पहिल्या वाचनाच्या वेळी आक्का गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या पानावर येताच छातीवर हात ठेवून ओरडल्या, "अगंबाई! मुकादमीण म्हणजे हिची आईच की गं!" मी अजून तिथवर पोचले नव्हते. मी पाटी आपटली. "झालं! सांगितलंत! घासा आता भांडी आठवडाभर." त्यांनी बिचारीनं घासलीसुद्धा, रोज कुरकुरत.

पंधरवड्यानं दुसरं वाचन. तीच गॅलरी, तीच खुर्ची. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला, "अगंबाई! मुकादमीण म्हणजे हिची आईच की गं!"

माझं डोकंच सणकलं. पिठाच्या हातानंच बाहेर आले. "पुरे करा की सोंग, आक्का! यंत्राला फसवाल, मला कशा फसवणार? शाल मिळाली तेवढी बास नाही झाली काय?"

"सोंग कसलं?"

"ह्याच खुर्चीत बसून हेच ओरडला होतात. त्याची भांडीपण घासलीत!"

आक्कांनी पाटीकडे बघितलं. दोन पानं मागं गेल्या, चार पानं पुढं आल्या. "हे मी वाचलंय?" असं हळूच म्हणाल्या. मग माझं तोंड बघून घाईनं हसल्या. "असेल असेल. वय झालं आता, चालायचंच." मी आत गेले. भाकरी करपली होती. मला अजून रागच येत होता, खोटं कशाला सांगू?

त्याच दिवशी संध्याकाळची गोष्ट. आक्का सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. लहानपणापासूनचं व्रत. तापात मोडलं नाही, प्रवासात मोडलं नाही, भाऊ गेला त्या दिवशीही मोडलं नाही. मी मात्र दिवे लागल्यावर सावकाश जेवते, आणि त्यावरून आमच्या घरात चाळीस वर्षं थट्टा चाललेली. त्या दिवशी त्यांचं जेवण उन्हातच उरकलं होतं. दिवे लागल्यावर मी ताट घेऊन बसले आणि पाणी आणायला उठले. परत येऊन बघते तर आक्का माझ्या शेजारी ताट घेऊन बसलेल्या. भाकरीचा घास तोंडात होता. "वाढ की गं थोडी आमटी. भूक लागली."

"आक्का," मी म्हणाले, "अहो, दिवे लागलेत."

त्यांनी खिडकीकडं बघितलं. बाहेर काळोख झालेला. मग ताटाकडं बघितलं. तोंडातला घास त्यांना गिळवेना आणि टाकवेना. उठून मोरीत गेल्या, चुळा भरल्या, परत परत भरल्या. बाहेर आल्या तेव्हा रडत होत्या. "तू थांबवलं का नाहीस मला?" एवढंच म्हणत राहिल्या. मी त्यांना जवळ घेतलं. सोंग करणारं माणूस व्रत मोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. सकाळच्या माझ्याच शब्दांनी तोंडात मारल्यासारखं झालं.

रात्रभर एकच डोक्यात फिरत होतं. वाचलेलं आठवलं तरच लाट बसणार ना? जिच्या डोक्यात पहिलं वाचन राहिलंच नाही, तिचं दुसरं वाचन पहिलंच. आक्कांची शिल्लक मोठी होती, कारण त्यांच्यापाशी काही शिल्लक राहत नव्हतं. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर वरून जळले.

सकाळी निपाणकरांना फोन लावला. माणूस तसा वाईट नाही, सभेत सगळ्यांना चहा मिळाला का विचारणारा. मी विचारलं, "आक्कांची शिल्लक दरवर्षी किती होती?"

"अहो, वाढतच गेलीय!" त्यांचा आवाज अभिमानानं फुलला होता.

"असं का होतं, ते कंपनीला कधी विचारलंत?"

त्यांचा आवाज एकदम खाली आला.  मग म्हणाले, "कंपनीच्या मेंदूतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच वर्षी कळवलं होतं. ज्यांची रेषा बसतच नाही, अशा वाचकांना एकदा डॉक्टरकडं दाखवलेलं बरं, असं. पण ताई, आपली साहित्यसंस्था. कुणाच्या मेंदूबद्दल आपण कसं बोलणार? खासगीपणाचा प्रश्न येतो."

"पडद्यावर रेषा दाखवल्यात तेव्हा खासगीपणा कुठं फिरायला गेला होता?"

"तसं नव्हे हो..."

"मग कसं? सांगा की!"

"खरं सांगू का? असे वाचक फार दुर्मिळ. दर वेळी पहिल्यांदाच वाचतात. प्रकाशक विचारत असतात, कुठलं पान टिकतं, कुठलं पडतं. ह्यांच्यासारखा पारखी नाही मिळत. कंपनीनंच सुचवलं, की त्यांच्या मताला वजन द्या."

"ह्यांच्यासारखे म्हणजे? आणखी आहेत?"

"ताई, ते मला सांगता येणार नाही."

मी फोन ठेवला नाही, आपटला. त्या माणसाला दोन वर्षं माहीत होतं. हातात शाल घेऊन तो आक्कांच्या समोर उभा होता, तेव्हाही माहीत होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या. आक्कांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. विस्मृतीचाच आजार. आता ह्यावर औषध निघालंय, दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यायचं. पण ते गेलेलं परत आणत नाही, असलेलं धरून ठेवतं, आणि तेही जेवढं लवकर सुरू कराल तेवढं. मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तर आज तुम्ही दोघी पुस्तकांवर बोलत असता आणि माझं काम नुसती सुई टोचण्यापुरतं असतं."

मी ठरवलं होतं, आक्कांना सांगायचं नाही. दवाखान्याच्या आवारात बाकावर बसलो. मी शहाळं आणलं. त्यांनी नळीतून एक घोट घेतला आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "शेवट वाचून आलीस ना तू?"

"कसला शेवट? काहीतरीच काय."

"उज्वला, तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. नेहमीच दिसतं. सांग."

मी सांगितलं. औषधाचं, दोन वर्षांचं, मंडळाचं, सगळं. आक्कांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. आधी रंग उतरला, मग डोळे मोठे झाले, मग शहाळं मांडीवरून घसरलं आणि सगळं पाणी लुगड्यावर सांडलं. किती तरी वेळ त्या ओलं लुगडं झटकत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती शाल त्यासाठी होती होय! बघ की, हळदीत भेसळ ओळखत जन्म गेला, आणि आपलीच नाही ओळखली."

आणि मग माझा हात घट्ट धरला. "हे बघ. गोष्टीचा शेवट सांगायचा नाही, हा आपला नियम. पण माझा शेवट मला सांगायचा. मी विसरेन. परत विचारेन. परत सांगायचं. मला खुळ्यासारखं फसवायचं नाही. शपथ घे."

मी त्यांच्या भावाची शपथ घेतली.

औषध सुरू झालं. दर पंधरवड्याला मिरज. पहिल्या दोन-तीन खेपांना आक्कांना माहीत असायचं कुठं निघालोय ते. मग एकदा रिक्षात बसल्यावर विचारलं, "कुणाला बघायला चाललोय गं दवाखान्यात? कोण आजारी आहे?"

मी शपथेप्रमाणं सांगितलं. आणि तो चेहरा परत बघितला. आधी रंग उतरणं, मग डोळे मोठे होणं. तसाच्या तसा. मग "शाल त्यासाठी होती होय!" हेसुद्धा, मग माझा हात घट्ट धरणं. पुढच्या खेपेला परत. त्याच्या पुढच्या खेपेला परत. मी दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगून बघितलं, हळू सांगितलं, आडून सांगितलं. काही फरक पडत नाही. पुस्तकाचा धक्का निदान मजेचा असतो हो. इथं मी दर पंधरवड्याला एका माणसाला तिच्या मरणाची बातमी पहिल्यांदा सांगते, आणि मला मात्र ती आता पाठ झालीय. माझी लाट बसली. आक्कांची नाही बसत. ह्याला पुरस्कार द्या म्हणावं कंपनीला.

मंडळानं यंदा आक्कांच्या नोंदी गुपचूप बाजूला काढल्या. मागचे दोन पुरस्कार कुणाच्या जोरावर दिले, त्यावर चकार शब्द नाही. मी माझी पट्टी परत केली आणि मत हातानं लिहून दिलं. माझं मत 'उलट टपाल'ला आहे, यंत्र काही का म्हणेना. ह्या पाचव्या पुस्तकात एका आईचा मुलगा दूरच्या ताऱ्याकडं निघालाय. यान जेवढं लांब जातं, तेवढे त्याचे निरोप उशिरा पोचतात. यान वाटेत संपतं, सरकार तिला कळवतं, पण वाटेत असलेले निरोप येतच राहतात. दर महिन्याला आलेल्या निरोपात मुलगा विचारतो, 'आई, मी पोचेन ना गं?' आणि तिला उत्तर लिहायचं असतं. उत्तर पोचणार नाही हे ठाऊक असून. ती काय लिहिते, ते मी सांगणार नाही. वाचा. दोनदा वाचा आणि दुसऱ्यांदा कमी दचकलात तर देवाचे आभार माना.

निपाणकर, आता कामाचं. ही स्मरणिका सगळ्या वाचक-परीक्षकांच्या घरी जाते, म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरात मंडळाची शाल आलीय, ज्यांच्या आईला, वडिलांना, बायकोला 'ताज्या मनाचा वाचक' म्हणून टाळ्या मिळाल्यात, त्यांनी त्या माणसाला उद्याच्या उद्या डॉक्टरकडं न्या. कौतुक नंतर करा. औषध आहे, वेळ नाही. एवढा मजकूर कापून बाकीचं छापलंत तर मी स्वतः येईन कार्यक्रमाला. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, माईक लागत नाही.

लेख इथं संपवणार होते. पण काल मिरजेला गेलो होतो आणि ते लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

नर्सनं आक्कांच्या हातात सुई घातली, बाटली टांगली. आक्का बाटलीकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळून अगदी सहज विचारलं, "मला काय झालंय गं?"

मी तोंड उघडलं. शपथ आठवली, त्यांचा भाऊ आठवला. त्यांचा चेहरा निवांत होता. कपाळावर एक आठी नव्हती. पुढच्या क्षणी तिथं काय काय होणार ते सगळं मला ओळीनं माहीत होतं.

"काही नाही हो," मी म्हणाले. "रक्त कमी झालंय तुमचं. लोहाचं औषध आहे."

"तरीच थकवा येतो." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं जरा वेळ बघितलं. जन्मभर मला त्यांच्यापासून काही लपवता आलं नव्हतं. मी नजर हलवली नाही. "बरं बाई," म्हणून त्यांनी मोकळ्या हातानं पिशवीतून पाटी काढली आणि मांडीवर ठेवली. 'उलट टपाल' होतं. पहिलं पान उघडलं, चष्मा नीट केला.

"ही वाचलीस का गं तू?"

"वाचली."

"चांगली आहे? थांब, थांब. शेवट सांगू नकोस हं."

"नाही सांगत, आक्का," मी म्हणाले.